छोट्या शहरातलं इनडोअर अरेना: खुर्च्यांआधी तारखा मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जिल्ह्याच्या गावी महापालिका पाच हजार खुर्च्यांचं इनडोअर अरेना आणि त्याला जोडून कन्व्हेन्शन सेंटर बांधायच्या विचारात आहे. सल्लागारांच्या अहवालात अमेरिकेतल्या लहान शहरांचे दाखले आहेत. तिथे अशा इमारती खरंच चालतात का, आपल्याकडे चालतील का, आणि त्यात आइस रिंक, म्हणजे बर्फावर खेळायचं मैदान, ठेवावी का?

अमेरिकेतल्या लहान शहरांत अशा इमारती चालतात. वर्षभर गजबजलेल्या असतात, गावाला त्यांचा अभिमान असतो. मात्र बांधकामाचं कर्ज तिकिटं आणि भाडं यांतून फेडणारी लहान शहराची इमारत माझ्या पाहण्यात नाही. इलिनॉय आणि आयोवा भागात अशा इमारतींच्या ऑपरेशन्स विभागात मी उमेदीची वर्षं घालवली. परत आल्यावर आपल्याकडच्या सभागृहांचे, क्रीडासंकुलांचे आराखडे तपासायचं काम करतो. आराखड्यांवरच्या बैठकांत पहिला तास खुर्च्या किती यावर जातो. वर्षात किती दिवस दिवे लागतील, आणि कोणासाठी, हा विषय निघेपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते.

एक चांगलं उदाहरण घेऊ. इलिनॉय नदीकाठचं पिओरिया. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १,१३,१५०. बांधकामाची अवजड यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीचं मुख्यालय अनेक दशकं इथे होतं, त्यामुळे मराठी अभियंत्यांना हे गाव ऐकून तरी माहीत असतं. इथलं सिव्हिक सेंटर १९८२ मध्ये सुरू झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांची. अकरा हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतील असं कार्व्हर अरेना, दोन हजारांहून जास्त आसनांचं थिएटर आणि प्रदर्शनाचा हॉल, असं तिन्ही एकाच संकुलात. २००७ मध्ये त्याचा विस्तार झाला.

लाखभर वस्तीच्या गावाला अकरा हजार खुर्च्या कशाला, असं कोणालाही वाटेल. उत्तर तारखांच्या वहीत आहे. ब्रॅडली विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ आपले घरचे सामने इथे खेळतो. रिव्हरमेन हा व्यावसायिक आइस हॉकीचा संघ इथलाच. म्हणजे थंडीचे महिने सुरू व्हायच्या आधीच वहीची बरीच पानं भरलेली असतात. १९९६ पासून इलिनॉय राज्याच्या मुलांच्या शालेय बास्केटबॉलच्या अंतिम फेऱ्या इथे होऊ लागल्या. दर मार्चमध्ये राज्यभरातले पालक, शिक्षक, जुने खेळाडू गावात मुक्काम करत. वर पदवीदान, प्रदर्शनं आणि गाण्यांचे दौरे.

या दौऱ्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण अहवालांत त्यांचे आकडे फार उदारपणे मांडलेले असतात. आपल्याकडे नाटकाचा व्यवस्थापक दौरा आखतो तेव्हा शनिवार-रविवार मोठ्या गावाला देतो, आणि मधला बुधवार वाटेवरच्या गावाला. बस तशीही तिथूनच जायची असते. अमेरिकेतल्या गाण्याच्या दौऱ्यांचं गणित अगदी तसंच आहे. पिओरिया शिकागो आणि सेंट लुईस या दोन्हींपासून तीन तासांच्या आत आहे. शिकागोत शनिवार झाला आणि सेंट लुईसला शुक्रवार असेल, तर मधली एक रात्र पिओरियाला मिळू शकते. शिवाय मोठ्या शहरातला आयोजक कलाकाराशी करार करतानाच अमुक मैलांच्या आत अमुक दिवस दुसरा कार्यक्रम करायचा नाही अशी अट घालतो. म्हणजे लहान गावाच्या वाट्याला कोण येणार हे बऱ्याचदा शेजारचं मोठं गाव ठरवतं. आणि मोठा कलाकार आला तरी निव्वळ उत्पन्नातला ८५ ते ९० टक्के वाटा तोच घेऊन जातो. इमारतीच्या हाती उरतं ते पार्किंग, खाणंपिणं आणि तिकिटावरचं शुल्क. खचाखच भरलेल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला की नव्या माणसाला धक्का बसतो.

उरलेली तूट कोण भरतं? पिओरियात हॉटेल, रेस्टॉरंट आणि करमणूक यांवर शहराचा एक वेगळा कर आहे, तो सिव्हिक सेंटरसाठी लावलेला. गावात कोणीही हॉटेलात जेवला की त्याच्या बिलातला एक बारीक हिस्सा या इमारतीकडे जातो. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. इमारत स्वतःच्या पायावर उभी राहील असं कोणी कोणाला सांगत नाही. गावाला ती हवी आहे, गाव तिचा खर्च उचलतं, आणि तो कुठून येतो ते बिलावर छापलेलं असतं.

तरीही पिओरियाला फटके बसलेच. शालेय बास्केटबॉलच्या संघटनेने २०२० मध्ये पुढच्या वर्षांसाठी शँपेन शहराची बोली स्वीकारली. १९९६ पूर्वी या फेऱ्या तिथेच होत असत. मार्चमधले ते हमखास दिवस एका बैठकीत गेले. कॅटरपिलरने मुख्यालय आधी शिकागोजवळच्या डिअरफिल्डला नेलं, आणि २०२२ मध्ये टेक्सासला हलवायचं जाहीर केलं. कंपनीचं मुख्यालय गेलं की तिच्या बैठका, मेजवान्या आणि बाहेरून येणारे पाहुणे हळूहळू पातळ होतात. इमारत तीच, खुर्च्या त्याच, चालवणारी माणसंही कसलेली. बदललं ते गाव. म्हणून अहवालात पुढच्या पंचवीस वर्षांसाठी उत्पन्नाची सरळ चढती रेघ दिसली, की मी पहिला प्रश्न विचारतो: यातल्या किती तारखा आज कागदावर सह्या करून बांधलेल्या आहेत?

दुसरं उदाहरण वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची या गावाचं. सफरचंदाच्या बागांसाठी नावाजलेलं, २०१० च्या जनगणनेत ३१,९२५ वस्तीचं. तिथे २००८ मध्ये सुमारे ४,३०० आसनांचं, आइस हॉकीचं अरेना उघडलं. त्यासाठी नेमलेल्या सार्वजनिक संस्थेने अल्पमुदतीच्या रोख्यांतून सुमारे ४.२ कोटी डॉलर उभे केले. अरेना कमाई करील, मग दीर्घ मुदतीचं कर्ज सहज मिळेल आणि आधीचं फेडता येईल, असा हिशेब होता. कमाई अंदाजाइतकी झाली नाही, नवं कर्ज मिळालं नाही, आणि डिसेंबर २०११ मध्ये ती रक्कम थकली. पुढच्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाला मध्ये पडावं लागलं. विक्रीकर वाढवून लोकांच्या खिशातून प्रश्न सोडवला गेला.

पण या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग २०१३ चा आहे. अमेरिकेच्या रोखे नियामकाने, म्हणजे तिथल्या 'सेबी'ने, त्या सार्वजनिक संस्थेवर कारवाई केली. गुंतवणूकदारांना दिलेल्या कागदपत्रांत म्हटलं होतं की उत्पन्नाच्या अंदाजांची कोणा स्वतंत्र सल्लागाराने तपासणी केलेली नाही. प्रत्यक्षात एका स्वतंत्र सल्लागाराने दोनदा त्या अंदाजांवर शंका घेतली होती. संस्थेने २०,००० डॉलर दंड भरायचं मान्य केलं. रक्कम किरकोळ आहे, पण रोखे काढणाऱ्या स्थानिक सार्वजनिक संस्थेला त्या नियामकाने दंड लावायची ती पहिलीच वेळ होती. तुमच्या महापालिकेकडे सल्लागारांचा जो अहवाल आहे, त्याच्या आधीचे मसुदे मागा. आकडे कोणत्या मसुद्यात वाढले आणि का वाढले, यावरून पुष्कळ कळतं.

आता तारखा वाढवायच्या कशा? इथे ऑपरेशन्सवाल्याचं बोलणं सुरू होतं, आणि इथेच आपल्याकडचे आराखडे सर्वांत कच्चे असतात.

अरेनाची जमीन एकच असते आणि तिच्यावर रोज वेगळं काही मांडायचं असतं. शुक्रवारी रात्री हॉकी, शनिवारी दुपारी बास्केटबॉल, रविवारी गाणं. हॉकीचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं, त्यातून शून्याच्या बऱ्याच खाली थंड केलेलं खारं पाणी किंवा ग्लायकॉल फिरतं आणि वर एक ते सव्वा इंच जाडीचा बर्फ टिकतो. हा बर्फ हंगामभर काढत नाहीत. सामना संपला, लोक बाहेर पडले, की आमची माणसं आत शिरायची. कडेच्या काचा उतरवायच्या, बर्फावर उष्णतारोधक फळ्या अंथरायच्या, त्यांच्यावर बास्केटबॉलची लाकडी जमीन जोडायची. ती जमीन मेपलच्या चार बाय आठ फुटांच्या दोनशेच्या वर तुकड्यांची. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. तुकडा चुकीच्या जागी बसला तर मधल्या रेषा जुळत नाहीत, आणि मग तिथपर्यंतचं सगळं उचकटावं लागतं. पाठोपाठ प्रेक्षकांनी बसायच्या सरकत्या पायऱ्या बाहेर ओढायच्या, खुर्च्या लावायच्या, बास्केट उभ्या करायच्या. हे सगळं रात्रीत. सकाळी संघ सरावाला येतो तेव्हा मजला कोरडा आणि झाडलेला हवा.

या एका रात्रीच्या कामाला चेंजओव्हर म्हणतात आणि लहान शहराच्या इमारतीचं भवितव्य त्याच्यावर अवलंबून असतं. चेंजओव्हर सहा तासांत होत असेल तर शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही विकता येतात. दीड दिवस लागत असेल तर मधला दिवस गेला. वर्षभरात असे गेलेले दिवस मोजले तर इमारत कशामुळे तोट्यात आहे ते दिसतं. चेंजओव्हरचा वेळ माणसांच्या कष्टावर जितका ठरतो, त्याहून जास्त तो वास्तुविशारदाने कोठाराला किती जागा ठेवली त्यावर ठरतो. लाकडी जमिनीचे तुकडे, बर्फावरच्या फळ्या, काचा, रंगमंचाचे चौथरे, दोन-तीन हजार घडीच्या खुर्च्या, पडदे, अडथळ्यांचे कठडे: हे सगळं कुठे तरी राहायला हवं, मैदानाच्याच पातळीवर, रुंद दाराच्या पलीकडे. खर्च कमी करायचा म्हणून पहिली काट याच कोठारावर बसते, कारण उद्घाटनाच्या दिवशी ते कोणाला दिसत नाही. मग खुर्च्या जिन्याखाली, गच्चीवर, आणि शेवटी बाहेर ताडपत्रीखाली जातात. प्रत्येक कार्यक्रमाला वाहतुकीची मजुरी वेगळी.

मागच्या दाराचंही तसंच. मोठा गाण्याचा कार्यक्रम दहा-पंधरा ट्रकमधून येतो, त्याहून मोठाही येतो. ट्रक पाठमोरा लावून त्याच्या फळीच्या उंचीवर सामान सरळ आत ढकलता येईल अशी किमान तीन-चार जागा हवी. ती नसली तर दोन तासांचा लोड-इन, म्हणजे सामान आत घ्यायचं काम, सहा तासांचा होतो, आणि तो आयोजक पुन्हा येत नाही. ट्रकला वळायला पुढे मोकळं आवार हवं. आपल्या शहरांत नेमक्या त्या आवारात दुकानगाळे काढायचा मोह होतो. गाळ्यांचं भाडं लगेच दिसतं, न आलेल्या कार्यक्रमाचं भाडं कोणत्याच वहीत लिहिलेलं नसतं.

छताबद्दल मी जास्त कडक बोलतो, त्याला कारण आहे. आजचा मोठा कार्यक्रम ध्वनी, दिवे आणि पडदे मिळून कित्येक टन वजन छताला टांगतो. छताच्या कोणत्या सांध्यावर किती वजन चालेल याचा नकाशा स्थापत्य अभियंत्याच्या सहीनिशी इमारतीत हवा, आणि रिगरने, म्हणजे छताला सामान टांगणाऱ्या माणसाने, काम सुरू करण्यापूर्वी तो बघायला हवा. कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटरचं भलंमोठं पोलादी छत १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळलं. आदल्या रात्री काही तासांपूर्वीच सुमारे पाच हजार लोक तिथे बास्केटबॉलचा सामना बघून घरी गेले होते. कोणी दगावलं नाही. चौकशीत दिसलं की मूळ संकल्पचित्रातच उणीव होती, आणि छत उभारताना ते अपेक्षेपेक्षा जास्त वाकत असल्याचं लक्षात आलं होतं. पुढच्याच वर्षी, ४ जून १९७९ ला, कॅन्सस सिटीच्या केंपर अरेनाचं छत वादळी पावसात खाली आलं. तिथे छतावर साचलेलं पाणी आणि छत टांगणारे बोल्ट हे मुद्दे पुढे आले. तेव्हाही इमारत रिकामी होती. दोन्ही वेळा माणसं वाचली ती केवळ घड्याळामुळे. आपल्याकडे बर्फ नाही, पण धुवाधार पाऊस आहे आणि पन्हाळीत अडकलेला पाचोळाही आहे. छताचा उतार, पाणी वाहून नेणारे मार्ग आणि दर पावसाळ्याआधीची तपासणी यांच्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ असल्याशिवाय मी कोणत्याही प्रस्तावाला होकार देणार नाही.

कन्व्हेन्शन सेंटर या दुसऱ्या भागाकडे वळू. अधिवेशनं भरवून पाहुणे आणायचे आणि हॉटेलं भरायची, ही कल्पना अमेरिकेत सगळ्यांनाच एका वेळी सुचली. टेक्सासमधले अभ्यासक हेवूड सँडर्स यांनी २००५ मध्ये ब्रुकिंग्ज संस्थेसाठी केलेल्या अभ्यासात दाखवलं की १९९० पासून प्रदर्शनाची जागा ५० टक्क्यांहून जास्त वाढली, आणि त्या प्रमाणात येणारे लोक मात्र वाढले नाहीत. शहरं मग एकमेकांशी स्पर्धा करत जागा जवळजवळ फुकट देऊ लागली. हे तुमच्या शहरालाही लागू आहे. राष्ट्रीय पातळीवरची वैद्यकीय परिषद विमानतळ आणि काही शे चांगल्या खोल्या बघून जागा ठरवते. चालत जाण्याच्या अंतरावर तेवढ्या खोल्या नसतील, तर हॉल कितीही देखणा असो, परिषद दुसरीकडे जाते. पिओरियातसुद्धा सिव्हिक सेंटरच्या शेजारचं १९२७ चं जुनं हॉटेल शहराने मदत करून नव्याने उभं केलं आणि २०१३ मध्ये ते पुन्हा उघडलं. हॉलच्या मागे हॉटेलासाठीही सार्वजनिक पैसा घालावा लागला.

म्हणून राष्ट्रीय परिषदांचे आकडे अहवालातून काढा आणि आपल्या भागात जे खरोखर भरतं ते लिहा. कृषी प्रदर्शन, वाहनांचं आणि गृहसजावटीचं प्रदर्शन, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा, डॉक्टरांच्या विभागीय परिषदा, शाळांची स्नेहसंमेलनं, स्पर्धा परीक्षा, आणि लग्नं. ही यादी छोटी वाटते, पण यांतल्या बहुतेक तारखा दरवर्षी परत येतात. त्यांना सपाट, भक्कम, खांब नसलेली जमीन लागते. आपल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभास्थानासाठी चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ५०० किलो, भार धरतात. अमेरिकेत प्रदर्शनाच्या हॉलची जमीन याच्या तिप्पट भारासाठी बांधलेली मी पाहिली आहे. मोठं ऊसतोडणी यंत्र दहा टनांच्या पुढे जातं. कृषी प्रदर्शन आत घ्यायचं असेल तर खाली तळघरातलं पार्किंग ठेवायचं की नाही, हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा लागतो. नंतर जमीन भक्कम करणं जवळजवळ अशक्य असतं. त्याच जमिनीत ठरावीक अंतरावर वीज, पाणी आणि इंटरनेटची जोडणी देणारे झाकणबंद खड्डे हवेत, नाहीतर प्रत्येक प्रदर्शनात वायरी पायाखाली येतात.

खेळ आणि लग्न एकाच जमिनीवर, हा आपल्याकडचा खास प्रश्न. बॅडमिंटनच्या लाकडी मजल्यावर मांडवाचे पाय, सोफे, पाण्याचे जार आणि पावसात भिजलेल्या चपला आल्या की दोन हंगामांत फळ्या फुगतात. उपाय साधा आहे, फक्त तो आधी ठरवायला हवा: कायमची जमीन काँक्रीटची ठेवा आणि खेळाची जमीन वर अंथरायची, काढता येणारी घ्या. कबड्डीच्या मॅट आणि बॅडमिंटनच्या गुंडाळता येणाऱ्या मॅट आता सर्रास मिळतात. मग कोठाराचा मुद्दा पुन्हा आलाच.

बॅडमिंटनसाठी आणखी दोन गोष्टी. वरच्या दर्जाच्या स्पर्धेला कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते. आणि शटलचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं असतं, त्यामुळे वातानुकूलनाचा झोत कोर्टावर आला की खेळाडू तक्रार करतात, आणि ती रास्त असते. हवा खुर्च्यांखालून किंवा कडेने संथ सोडावी लागते. हे यंत्रणेच्या निविदेत लिहा. ठेकेदार स्वतःहून करत नाही, कारण वरून झोत सोडणं स्वस्त पडतं. सोबत विजेच्या बिलाचा विचार करा. महावितरणच्या उच्चदाब बिलात वापरलेल्या युनिटांखेरीज मागणी आकार असतो. महिन्यात चारच कार्यक्रम झाले तरी मोठ्या भाराच्या जोडणीचा तो आकार भरावाच लागतो. शीतयंत्र एकच अवाढव्य घेण्याऐवजी तीन-चार लहान घ्या. दोनशे माणसांच्या सभेला सगळी इमारत थंड करायची वेळ येऊ नये.

आपल्या जवळचं बघण्यासारखं उदाहरण गोव्यात आहे. पणजी महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती चाळीस हजारांची. शेजारच्या ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठाच्या परिसरात, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम आहे. जानेवारी २०१४ च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या, स्पर्धांसाठी ते उभं राहिलं. एका स्पर्धेसाठी बांधलेल्या इमारती नंतर ओस पडतात, इथे तसं झालं नाही. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन सोहळे बऱ्याच वर्षी इथेच झाले, म्हणजे नोव्हेंबरची एक तारीख वहीत आपोआप लिहिली गेली. मार्च २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांचा शपथविधी इथे झाला. २०२३ मध्ये टेबल टेनिसची जागतिक दर्जाची स्पर्धा झाली. कोविडमध्ये इथे रुग्णांसाठी खाटा लागल्या. तुमच्या समितीने अमेरिकेचा अभ्यासदौरा काढण्याऐवजी दोन दिवस इथे यावं, चेंजओव्हर चालू असताना यावं, आणि सामान कुठून येतं, कुठे ठेवतात, किती माणसं लागतात ते बघावं. अधिकाऱ्यांपेक्षा सामान हलवणाऱ्या मुकादमाशी बोलावं.

कोविडच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट. सांगली-कोल्हापूरकडचे २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको: अशी इमारत संकटात निवाऱ्याची जागा होऊ शकते. त्यासाठी ती पूररेषेच्या वर हवी, जनरेटर आणि विजेची पॅनेलं तळघरात नकोत, आणि स्वच्छतागृहांचं पाणी बाहेरच्या पंपावर अवलंबून नको. मूळ खर्चात याने फार भर पडत नाही. नदीकाठची मोकळी जागा स्वस्त आणि देखणी मिळते म्हणून प्रस्ताव तिथे सरकत असेल, तर आत्ताच विरोध करा.

आता आइस रिंक. माझं उत्तर नाही. पिओरियात हॉकी आहे कारण तिथल्या मुलांच्या आयुष्यात हॉकी आहे, आणि हिवाळ्यात बाहेरची हवाच थंड आणि कोरडी असते. बर्फाचा शत्रू उष्णतेइतकाच दमटपणा असतो. २० मे १९७५ ला बफेलोच्या जुन्या ऑडिटोरियममध्ये स्टॅनली कप या आइस हॉकीच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीचा सामना चालू असताना बाहेरचा उकाडा आत आला आणि बर्फावर असं धुकं साचलं की खेळाडूंना खेळायची चकती दिसेना. सामना पुन्हा पुन्हा थांबवावा लागला. बफेलोत मे महिन्यात हे झालं. आपल्याकडे जुलैत बर्फ राखायचा तर शीतयंत्राइतकीच हवा कोरडी करणारी यंत्रणा चोवीस तास चालवावी लागेल, आणि त्या बर्फावर खेळणारा संघ गावात नाही. देहरादूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली. त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ ती चालवायचा खर्च न झेपल्याने बंद राहिली. तिचं नूतनीकरण झालं आणि २०२५ मध्ये तिथे बर्फावरच्या शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई स्पर्धा झाली, याचा मला आनंद आहे. देशाला अशी एक-दोन ठिकाणं हवीतच. ती जिल्ह्याच्या गावाच्या महापालिकेने चालवायची नाहीत.

चालवणार कोण, हे बांधण्याआधी ठरवा. अमेरिकेत बऱ्याच लहान शहरांनी हे काम व्यवस्थापन कंपन्यांना दिलं आहे. मालकी शहराची, तूट शहराची, कंपनीला ठरलेलं शुल्क आणि कामगिरीवर थोडी भर. त्याचा खरा फायदा असा की तारखा मिळवण्यासाठी आयोजकांना रोज फोन करणारा माणूस नोकरीवर असतो. आपल्याकडे बुकिंग म्हणजे काउंटरवर अर्ज घेणारा लिपिक, आणि मंत्र्यांचा कार्यक्रम आला की आधीचं बुकिंग रद्द. एकदा असं रद्द झालं की तो आयोजक कायमचा गेला. तारखा कोणत्या नियमाने दिल्या जातील आणि कोणालाही त्या फिरवता येणार नाहीत, असा ठराव महासभेत करून घ्या. बांधकामाच्या ठेकेदाराची निवड होण्याआधी इमारत चालवणारा माणूस नेमा आणि नकाशे त्याच्या सहीशिवाय मंजूर करू नका. कोठार, मागचं दार आणि जमिनीतल्या जोडण्या यांची काळजी त्यालाच असते, कारण पुढे रात्री-बेरात्री तिथे तोच उभा राहणार असतो.

पाच हजार खुर्च्या हा आकडा मला तुमच्या शहरासाठी मोठा वाटतो. दोन-अडीच हजार पक्क्या, बाकी सरकत्या किंवा घडीच्या, असा विचार करा. अर्धी रिकामी इमारत प्रेक्षकाला आणि कलाकाराला दोघांनाही जाणवते, आणि पक्की खुर्ची लावली की तिच्याखालची जागा प्रदर्शनाला कायमची गेली. अहवाल हाती येईल तेव्हा त्यातलं पहिल्या तीन वर्षांचं तारखांचं वेळापत्रक उघडा. प्रत्येक तारखेसमोर आयोजकाचं नाव आणि त्याचं संमतिपत्र आहे का ते बघा. ज्या तारखांपुढे नाव नाही त्या पेन्सिलीने खोडा, उरलेल्यांवर उत्पन्न पुन्हा काढायला सांगा, आणि जी तूट येईल ती महापालिकेच्या कोणत्या लेखाशीर्षातून भरली जाणार आहे हे त्याच पानावर लेखाधिकाऱ्यांच्या सहीने लिहून घ्या.